सर सध्या दौऱ्यावर आहेत

२ नोव्हेंबर

ती. वन्संना सा. न. वि. वि.

सर्वप्रथम टोपीबद्दलची तक्रार नोंदवते. तुमच्याकडे नोंदवून उपयोग नाही हे मला कळतं, पण दौऱ्याच्या प्रमुख बाईंकडे नोंदवूनही झालेला नाही, म्हणून वरच्या कचेरीत आले.

प्रकार असा, की चिनी संस्कृतीचा अभ्यास करायला निघालेल्या आम्हा समस्त शिक्षकवर्गाला विमानतळावर एकेक टोपी वाटण्यात आली. रंग पिवळा. रस्त्याची खोदाई चालू असल्याच्या पाटीचा असतो तो पिवळा. झोप आणि आंघोळ सोडून ती डोक्यावरून उतरवायची नाही, कारण गर्दीत आम्ही हरवू. 'टोपी काढ, वर्गात आहेस' असं पोरांवर ओरडण्यात ज्यांची नोकरी सरत आली, ती माणसं आता संग्रहालयात आणि जेवणाच्या टेबलावर टोप्या चढवून बसतात. माझी टोपी मला घट्ट होते. बदलून मागितली, तर प्रमुख बाई म्हणाल्या, टोप्या सगळ्या एकाच मापाच्या आहेत, डोकीच वेगवेगळी आहेत. हे वाक्य कोरून शिक्षणखात्याच्या दारावर लावावं असं आहे.

इथे आपली निरोपाची ॲपं चालत नाहीत. चालली असती तरी तुम्हाला फोनवर ऐकू काय येणार. उभा जन्म टेलिफोनच्या कचेरीत दुसऱ्यांची बोलणी जोडून दिलीत, आणि स्वतःचे कान मात्र बंद पडू दिलेत. म्हणून हॉटेलच्या तळमजल्यावर, कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी ठेवलेल्या संगणकावर बसून हे पत्र.

आता खरं काय ते. पहिल्या सकाळी बसमध्ये हजेरी झाली. यादी जुनीच होती. अर्ज ह्यांनी केला होता, निवड ह्यांची झाली होती. मग जे झालं ते झालं, आणि शाळेने रिकाम्या जागेवर मला पाठवलं. पण यादी बदलायची सवड कोणाला झाली नसावी. बाईंनी पुकारलं, "इतिहासाचे सर."

मी म्हटलं, "हजर."

वर्गात कोणी दुसऱ्याची हजेरी लावली, तर मी पालकांना बोलावून घेते.

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि सर आले नाहीत का, म्हणून विचारलं. मी म्हटलं, त्यांना जमलं नाही, मी त्यांची बायको, गणित शिकवते. ह्यात खोटं एक अक्षर नाही. पण पुढच्या बाकावरच्या भाषेच्या बाई मागे वळल्या आणि त्यांनी "तब्येत वगैरे?" असं हळू आवाजात विचारलं. मी मान हलवली. कशी हलवली ते मला आठवत नाही. दुपारपर्यंत ह्यांची कंबर धरली होती. संध्याकाळी मणक्यातली गादी सरकली. जेवणाच्या वेळी कवायतीच्या सरांनी माझ्या ताटाशेजारी एक कागद ठेवला. त्यावर पाठीचे व्यायाम आहेत, काड्यांची माणसं काढून, प्रत्येक काडीला क्रमांक.

वन्सं, माझा नवरा वारला, हे वाक्य काही अवघड नाही. मी ते शाळेत सांगितलंय, बँकेत सांगितलंय, गॅसवाल्याला सांगितलंय. पण बसमधल्या सगळ्यांना वाटतंय की ते घरी उताणे पडून छताकडे बघतायत आणि वैतागतायत, आणि मी ते तसंच राहू दिलं. बरं वाटलं म्हणून नाही. वाईटही वाटलं नाही. खिडकीतून एक मोठी नदी दाखवत होते, तिकडे बघितलं.

आईंना नमस्कार. डॉक्टर त्यांच्या हृदयाचं अजून तेच म्हणतायत का? त्यांनी ह्यांच्याबद्दल विचारलं तर काय सांगणार, असं मी निघताना तुम्हाला विचारलं होतं, तर 'ते माझ्यावर सोड' म्हणालात. सोडलं आहे.

तुमची,
वहिनी


४ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

आधी सवयीने 'चि. सौ.' लिहून बसले होते. ते खोडलं. मग मायना पार ओका दिसायला लागला, म्हणून 'प्रिय' घातलंय. मी आजवर कोणाला प्रिय लिहिलेलं नाही, तेव्हा जपून वापर.

टोपीच्या मागे पट्टी असते, ती सैल करायची. एवढं सुचत नाही आणि पोरांना भूमिती शिकवतेस.

कंबरेचं मात्र मला अजिबात आवडलं नाही. परकी माणसं, चांगली माणसं, आपली म्हणून औषधं सुचवतायत आणि तू मान हलवत ऐकतेस. उद्याच्या उद्या त्या प्रमुख बाईंना बाजूला घे आणि सांगून मोकळी हो.

हे दरडावून लिहिलं खरं, पण पुढचं वाचल्यावर तू मला उलट विचारशील की वन्सं, तुमचं काय. तर माझं ऐक.

तो आईला माझ्याकडे हवापालटाला सोडून गेला, आणि आठवड्याभरात तिकडे ते सगळं झालं. डॉक्टर म्हणाले म्हणून आपण तिला कळू दिलं नाही. तो पेपर तपासायला बाहेरगावी गेलाय असं सांगितलं, आठवतंय ना? परवा तिनं विचारलं, ही कसली परीक्षा, दोन महिने पेपर संपत नाहीत. आणि मग मी बोलून गेले, की पेपर संपले, आता तो शिक्षकांच्या दौऱ्यावर परदेशी गेलाय. तुझ्याबरोबर.

निवड झाल्याचं तिला ठाऊक होतंच. तिनं एका फटक्यात मान्य केलं. स्वेटर नेला का, म्हणाली. मी हो म्हटलं. एकदा हो म्हटलं की पुढचे हो आपोआप निघतात.

म्हणजे बघ. तुझ्याकडे विचारावं तर तो घरी आहे. घरी विचारावं तर तो तुझ्याकडे आहे. आमच्या एक्स्चेंजमध्ये असं व्हायचं. दोन माणसं एकाच वेळी एकमेकांना फोन लावायची आणि दोघांनाही लाईन व्यस्त लागायची. मग दोघंही रागावून आमच्याकडे तक्रार करायची, की पलीकडचा कोणाशी एवढं बोलतोय.

फोटो पाठव. ती मागते आहे. सगळ्यांचा मिळून काढलेला पाठव, म्हणजे झालं.

वन्सं


६ नोव्हेंबर

ती. वन्संना सा. न.

फोटो सोबत आहे. एका बागेतल्या पुलावर काढलाय. सगळ्यांची तोंडं माशांकडे आणि पाठी आपल्याकडे. उजवीकडून दुसरे, राखाडी स्वेटर, ते कवायतीचे सर. उंची साधारण जुळते. टोपीने बाकीचं काम केलंय. टोपीबद्दलची तक्रार मी मागे घेते. त्यांच्या शेजारी मी उभी आहे, ते मुद्दाम नाही. ते मला मणक्याबद्दल सांगत होते.

तुमचं वाचून मला राग यायला हवा होता. आला नाही. मी एकदा वाचलं, मग शेजारच्या यंत्रातले कपडे काढून त्यांच्या घड्या केल्या. प्रमुख बाईंना सांगायला गेले होते. त्या बसची उपस्थिती, जेवणाची उपस्थिती आणि शौचालयाची उपस्थिती असे तीन आकडे जुळवत होत्या, त्यांना म्हटलं, उद्या बोलू.

दौरा उत्तम चालला आहे, असं अहवालात लिहावं लागणार आहे, म्हणून इथे सराव करते. शिक्षकांसारखे वाईट विद्यार्थी जगात नसतील. वाटाड्या बोलायला लागला की सगळे एकमेकांशी बोलतात, आणि तो थांबला की सगळे एकमेकांना गप्प करतात. शंका कोणी विचारत नाही. शंका विचारणारा कच्चा, हे आम्हीच इतकी वर्षं पोरांच्या मनावर बिंबवलंय. काल एका जुन्या दालनात हजारभर वर्षांपूर्वीचं भांडं होतं, आकाशी रंगाचं. त्याच्यासमोर विज्ञानाचे सर म्हणाले, शब्द सुचत नाहीत. भाषेच्या बाईंना सुचले, आणि त्या थांबेनात. मी काचेत माझी टोपी बघत होते. भांडं सुंदर होतं. म्हणजे सुंदर आहे हे मला कळत होतं, उत्तर पाठ असलेल्या गणितासारखं.

आणखी एक. सगळ्यांनी मिळून ह्यांच्यासाठी कंबरेचा पट्टा घेतलाय. मऊ अस्तराचा, चांगला आहे. बसमध्ये टाळ्या वाजवून माझ्या हातात दिला. माप कोणालाच माहीत नव्हतं, म्हणून मला विचारलं. मी सांगितलं. पटकन सांगितलं, वन्सं. आठवायलासुद्धा लागलं नाही.

उद्या यजमान शाळेला भेट आहे. तिथे एक निवृत्त गुरुजी येणार आहेत, अक्षर वळवायला शिकवतात. ह्यांचा त्यांच्याशी वर्षभर पत्रव्यवहार होता. ते फक्त सरांना भेटायला येतायत, असं प्रमुख बाईंनी मला दोनदा सांगितलं.

वहिनी


७ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

आईनं फोटो पाहिला.

मी मोठा करून छापून आणला होता. तिनं चष्मा पुसला, फोटो खिडकीशी नेला. मग तिनं बरोबर उजवीकडून दुसऱ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "बारीक झालाय."

मी म्हटलं, फिरणं असतं, खाण्याची आबाळ होते. ती म्हणाली, उजवा खांदा बघ कसा खाली गेलाय, जड पिशवी त्याच खांद्यावर घेतो, शाळेत असल्यापासून सांगतेय. तुझ्या कवायतीच्या सरांना सांग बाई, पिशवी खांदा बदलून घ्या म्हणावं.

फोटो आता तिच्या चष्म्याच्या घरात असतो. चार घड्या घालून. आज सकाळी वाचायला बसली, तर चष्म्याआधी फोटो बाहेर आला.

तुला उद्याच्या उद्या सांगून टाक असं लिहिलं होतं, ते मागे घेते. त्या गुरुजींना काही बोलू नकोस. म्हातारी माणसं, कशाला त्रास. कंबरच चालू दे. आई कालपासून चांगलं जेवते आहे. काल कधी नव्हे ते हसली, ती टोपी बघून. म्हणाली, एवढा मोठा झाला आणि शाळेच्या सहलीला गेल्यासारखा दिसतो.

घाई काय आहे? दौरा लांबला असंही सांगता येईल. असे दौरे लांबतात.

वन्सं


९ नोव्हेंबर

ती. वन्संना सा. न.

तुमचं पत्र मला काल सकाळी वाचायला मिळालं. तोवर मी सांगून बसले होते.

परवा शाळेत गेलो. वर्ग आपल्यासारखाच, फळा, खिडकीत वाळत घातलेलं पुसायचं फडकं, बाकं लहान पोरांच्या मापाची. त्यात आमचे गुडघे मावेनात. प्रत्येकाला एक कुंचला, शाईची वाटी आणि एक कागद दिला, त्यावर फिकट लाल रेघांची अक्षरं छापलेली. त्यावरून काळ्या शाईने गिरवायचं. वन्सं, जग फिरून मी गिरवायला आले. भाषेच्या बाईंनी स्वतःचं सोडून सगळ्यांच्या चुका तपासायला घेतल्या.

गुरुजी फळ्याजवळ टेबलाशी बसले होते. ऐंशीच्या पुढचे, बारीक, कोटाची सगळी बटणं लावलेली. त्यांनी टेबलाच्या अलीकडे दोन खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. दुभाषी मुलगी मला तिथे घेऊन गेली. ते माझ्या मागे दाराकडे बघत होते.

मी नेहमीचं म्हटलं, त्यांना जमलं नाही. मुलीने सांगितलं. गुरुजींनी काहीतरी विचारलं. ती म्हणाली, पुढच्या वर्षी जमेल का, असं विचारतायत. मी म्हटलं, कंबर दुखते त्यांची. हे तिने सांगितलं तेव्हा ते बराच वेळ बोलत राहिले. स्वतःच्या पाठीवर हात ठेवून दाखवलं. ती मला एकेक वाक्य सांगत होती. त्यांचीही पाठ दुखायची, आता बरी आहे. पुढच्या वर्षीही गुरुजी इथे नक्की येतील, अजून चालता येतं. त्यापुढच्या वर्षीचं मात्र सांगता येत नाही. तेव्हा सरांना म्हणावं, फार उशीर करू नका, मी वाट बघतो.

तुम्हाला कसं सांगू. बसमधल्या लोकांनी पट्टा घेतला, व्यायाम काढून दिले, त्याचं मला काही वाटलं नव्हतं. ते घरी गेले की विसरतील. हा माणूस वर्षभर वाट बघणार होता. बटणं लावून येणार होता.

मी म्हटलं, "ते वारले. ऑगस्टमध्ये."

मुलीने भाषांतर केलं नाही. माझ्याकडे बघून तिनं हळूच विचारलं, "सांगू का?"

"सांग."

तिने सांगितलं. तिकडच्या भाषेत ते फार थोडक्यात झालं. गुरुजी माझ्याकडे बघत राहिले, मग खुर्चीकडे. त्यांनी एकच विचारलं, ही खुर्ची ठेवू की काढू. मी म्हटलं, राहू द्या, आणि तिच्यावर माझी पिशवी ठेवली. मग त्यांनी माझ्या वाटीत शाई ओतली आणि मी गिरवलं. रेघ सरळ आली. त्यांनी रेघेवर बोट ठेवून, छान, असं काहीतरी म्हटलं असावं. मुलगी तेव्हा खिडकीबाहेर बघत होती.

बसमध्ये बातमी माझ्या आधी पोचली. भाषेच्या बाई थोड्या दुखावल्यासारख्या वाटल्या, म्हणजे पट्ट्याला वर्गणी त्यांनी गोळा केली होती. कवायतीचे सर हॉटेलच्या पायऱ्यांवर थांबले होते. म्हणाले, बाई, तो व्यायामाचा कागद फाडून टाका. मी म्हटलं, असू दे, पाठ मलाही आहे. आज सकाळी हजेरीला प्रमुख बाईंनी "गणिताच्या बाई" असं पुकारलं. मला कळलंच नाही. भाषेच्या बाईंनी कोपर मारलं.

म्हणून लिहिते आहे. इकडून मी त्यांना काढलं आहे. आता ते दौऱ्यावर नाहीत, वन्सं. दौरा लांबणारही नाही. सोळा तारखेला मी तुमच्याकडे येणार, आणि आईंना आपल्या घरी घेऊन जाणार. गाडीतून मी एकटी उतरेन. आई खिडकीत असतील. त्याआधी तुम्ही सांगा. नाहीतर मी सांगेन, पण सांगायचं. त्या म्हाताऱ्याचं तोंड मी बघितलंय. सांगितल्यानंतरचं नव्हे, आधीचं. दाराकडे बघत होता तेव्हाचं.

वहिनी


११ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

नाही जमत.

काल संध्याकाळी तिच्या पलंगाशी खुर्ची ओढून बसले. कानातलं यंत्र लावलं, नवीन सेल घातले. तिनंच सुरुवात केली. तो आला की त्याला सांगायच्या गोष्टी तिने काढून ठेवल्यात, त्या म्हणून दाखवल्या. मी यंत्र बंद केलं. ती बोलत होती, मी मान हलवत होते. बहिरेपणाचा असा उपयोग मी पहिल्यांदाच केला, असं लिहिणार होते. पहिल्यांदा नाही. हे दोन महिने तेच चाललंय.

तुला वाटत असेल, आईच्या जिवासाठी मी हे करते. डॉक्टर तर मागच्याच आठवड्यात म्हणाले, आता सांगायला हरकत नाही. मी तुला कळवलं नाही. तो माझ्याहून सहा वर्षांनी लहान. त्याला शाळेत बोट धरून मी सोडायला जायचे. तू फोटो पाठवलास तेव्हा मी दुकानात दोन प्रती काढल्या. एक आईकडे आहे.

तू ये. तूच सांग. मी त्या वेळी स्वयंपाकघरात असेन.

वन्सं


१९ नोव्हेंबर

ती. वन्संना सा. न. वि. वि.

आम्ही सुखरूप पोचलो. आईंना प्रवास मानवला.

तुमच्याकडे मला बोलायला जमलं नाही. मी उतरले, आईंनी माझ्यामागे पाहिलं, आणि मी काही म्हणायच्या आत तुम्ही चहाचा ट्रे घेऊन मध्ये आलात. मग, तो कुठाय, असं त्यांनी विचारलं, आणि तुम्ही, 'घरी गेला पुढे, सामान घेऊन,' म्हणालात. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत, म्हणून मीही काही बोलले नाही. तुमच्यावर राग नाही.

पण त्यामुळे त्यांना घरी आणणं म्हणजे त्यांना ह्यांच्याकडे आणणं झालं. गाडीत त्या दोन तास खूश होत्या. मी दार उघडलं. त्या काठी टेकत आत गेल्या, बाहेरच्या खोलीत बघितलं, आमच्या खोलीत बघितलं, मोरीचं दार ढकलून बघितलं. मग येऊन स्वतःच्या पलंगावर बसल्या. मी समोर खुर्ची घेतली.

सांगितलं. तुमच्या भाषेत सांगायचं तर लाईन साफ होती, एकही शब्द दोनदा बोलावा लागला नाही. कधी, कुठे, दवाखान्यात कोण होतं, सगळं. तुम्ही किती दिवस त्यांना जपलंत, तेही. छाती दुखतेय का विचारलं, तर मानेनंच नाही म्हणाल्या. रडल्या नाहीत. मीही नाही. चष्म्याचं घर त्यांच्या मांडीवर होतं, ते उघडलं नाही, नुसतं अंगठ्याने चोळत राहिल्या. शेजारी कोणीतरी खिळा ठोकत होतं. तो ठोकून झाला.

मग त्यांनी पायातला मोजा काढला. उजवा. मला वाटलं, आडव्या होतायत. तर पाय पुढे करून म्हणाल्या, "मग ही कोण कापणार?"

मला कळेना. त्यांनी सांगितलं. ह्यांनी आईंना तुमच्याकडे सोडायला नेलं, त्या सकाळी हे त्यांच्या पायाची नखं कापत बसले होते. दर रविवारी कापायचे, मला माहीत होतं, पण मी कधी बघायला थांबले नव्हते. डावा पाय झाला आणि गाडी आली. हे म्हणाले, उजवा उधार राहिला, आलीस की देतो. तुम्ही दोनदा कापायला बसलात, तर त्यांनी तुम्हाला हात लावू दिला नाही म्हणे. मोजे घालून झोपायच्या त्याचं कारण थंडी नव्हती.

मी टबात कोमट पाणी घेतलं. कापायचं यंत्र ह्यांच्या दाढीच्या सामानात होतं. त्या कप्प्याला मी ऑगस्टपासून हात लावलेला नाही. उघडला, घेतलं, बंद केला. जमिनीवर बसले आणि त्यांचा पाय मांडीवर घेतला. पायाला वजन असं काही नाही. नखं जाड झाली होती, कडेला आत वळलेली. आईंनी दोनदा सांगितलं, अंगठ्याचं कोपऱ्यातून घे, तो कोपऱ्यातून घेतो. कोपऱ्यातून घेतलं. त्या भिंतीकडे बघत होत्या.

उजवा झाला. डावाही तोवर वाढला होता, तोही कापून टाकला. वर्तमानपत्र गुंडाळून बाहेर टाकून आले, तेव्हा त्या पाय सोडून आडव्या झाल्या होत्या. मोजे घातले नव्हते.

तुमची,
वहिनी